राघोपंतांची संथा

मॅट्रिकच्या परीक्षेला मी दोनदा बसलो, आणि दोन्ही वेळा नुसता बसलो. तेव्हा वडिलांनी असा विचार केला की ज्या मुलाला काही म्हणजे काही पाठ होत नाही, त्याला पाठांतराच्याच धंद्यात घालावं. त्यांनी मला संगमनेरहून राजूरला, त्यांच्या थोरल्या भावाकडे, भिक्षुकी शिकायला पाठवून दिलं. आमच्या वडिलांच्या हाती गळकी बादली आली असती तर तिला त्यांनी विहिरीवरच कामाला लावलं असतं.

यज्ञेश्वरकाका राजूरचे आणि भोवतालच्या डोंगरातल्या वाड्यांचे उपाध्याय. त्या मुलखात ज्याचे केस काळे होते त्याचं लग्न काकांनी लावलेलं, आणि ज्याचे पांढरे होते त्याचं काकांच्या वडिलांनी. टकल्यांच्या बाबतीत चौकशी करावी लागे.

लग्न लावण्यात काका दोन गोष्टींसाठी नावाजलेले होते. एक म्हणजे वाटी. घंगाळात पाणी भरायचं, सूर्य अर्धा बुडाला की तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी त्या पाण्यावर सोडायची, आणि ती भरून बुडाली की मुहूर्त. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. तोवर मंगलाष्टकं म्हणत राहायचं. वाटीला कोणी हात लावायचा नाही. एका लग्नात मांडवाच्या कोपऱ्यानं पेट घेतला, तेव्हाही काकांनी वाटीकडे बोट दाखवून सगळ्यांना थांबायला सांगितलं होतं म्हणे. लोक थांबले, मांडव थांबला नाही, पण मुहूर्त साधला. ही वाटी काकू प्रत्येक लग्नानंतर चिंच लावून लख्ख घासत. घासून घासून ते भोक किती मोठं झालं असेल याचा विचार त्या घरात कोणी केला नव्हता. माझ्या अंदाजानं डोंगरातली लग्नं दर वर्षी थोडी थोडी लवकर लागत होती.

दुसरी गोष्ट म्हणजे शेवटचं सावधान. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी सावधान येतंच, आणि त्यावर लोक अक्षता टाकतात. पण वाटी बुडाल्यावर जे शेवटचं सावधान म्हणायचं, त्याची आमच्या घराण्यात एक चाल होती. 'सा' खालून उचलायचा, विहिरीतून भरलेली घागर वर यावी तसा. 'व'वर जरा टेकायचं. 'धा' उंच नेऊन तिथंच धरून ठेवायचा, इतका की मांडवातल्या म्हाताऱ्यांना त्याची काळजी वाटू लागावी. आणि मग 'न' अलगद खाली सोडायचा. तो 'न' खाली टेकला की वधूवरांमधला अंतरपाट सुटायचा आणि वाजंत्री सुरू व्हायची. कोणी कोणाला खूण करायची नाही. डोंगरातली तान्ही पोरंही तो आवाज ओळखत.

काकांना मूल नव्हतं. तेव्हा ही चाल माझ्या गळ्यात उतरवायची होती. माझ्या गळ्यात तोवर फक्त जेवण उतरलं होतं.

शिकवायची रीत जुनी होती. तिला संथा म्हणतात. गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा. सकाळी ओसरीवर काका भिंतीला टेकून बसत, मी समोर. काका एकदा बरोबर म्हणत, मी दोनदा चूक म्हणे. नद्यांच्या श्लोकात तर मी कायमचा अडून बसलेला. गंगेपासून निघून यमुनेपर्यंत सुखरूप पोचायचो. पुढे गोदावरी यायची, ती काही येत नसे. मी गप्प व्हायचो, काका खोकायचे आणि म्हणायचे, "पुन्हा म्हण, गाढवा." नगर जिल्ह्यात जन्मून गोदावरी विसरणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता.

त्याच ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे. एका ठाकर म्हाताऱ्यानं नातवाच्या लग्नाची दक्षिणा म्हणून पोपटाचं पिल्लू आणून दिलं होतं. त्याला बोलायला शिकवायचं असं कोणाच्या मनात नव्हतं असं नाही. सुनीतीकाकू त्याला "आलात का, बसा" शिकवत होत्या, कारण पाहुण्यांना तेवढं कोणी म्हणालं तर त्यांना चुलीपासून उठावं लागलं नसतं. मी त्याला दुपारी एकांतात "आज सुट्टी" शिकवत होतो. राघूनं दोन्हीही घेतलं नाही. मान वाकडी करून तो ऐकायचा आणि डाळ खायचा. मला त्याच्याविषयी आपलेपणा वाटू लागला. एकाच घरात दोन मठ्ठ असले की दोघांनाही बरं पडतं.

मग एका सकाळी मी यमुनेपाशी अडलो. काकांनी खोकायला तोंड उघडलं, आणि खोकला पिंजऱ्यातून आला. पाठोपाठ काकांच्याच आवाजात, काकांच्याच ठसक्यात, "पुन्हा म्हण, गाढवा."

काका हसले नाहीत. ते बराच वेळ पिंजऱ्याकडे बघत राहिले. मीही हसलो नाही, कारण गाढव मी होतो.

दोनचार दिवसांनी राघू नद्यांचा श्लोक म्हणू लागला. तो मात्र माझ्या आवाजात. यमुनेपर्यंत यायचा, घसा साफ करायचा, आणि गप्प. माझी चूक त्याला माझ्यापेक्षा चांगली पाठ झाली होती. साहजिकच होतं. ज्या रीतीनं आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या विद्या चालत आली, तिच्यात चूक दुप्पट वेळा ऐकू येत होती. हे आजवर कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण आजवर शिष्य चांगले निघाले.

त्या माघात बाजाराच्या दिवशी भागूबाई आली. डोंगरातल्या एका वाडीची म्हातारी. हिरड्याची पाटी विकून झाली की आमच्या ओसरीवर घोटभर पाणी पिऊन जायची. त्या दिवशी पाणी पिऊनही उठेना. तिच्या नातीचं, पुष्पावतीचं, वैशाखात लग्न ठरलं होतं.

"बाबा," ती काकांना म्हणाली, "माझ्या लग्नात तुमच्या वडलांनी सावधान म्हनलं. पोराच्या, पुंजाच्या, लग्नात तुमी म्हनलं. आता पुष्पीचं ऱ्हायलं. त्येवढं म्हना, मंग मी कुटं जायाला मोकळी."

"म्हणेन," काका म्हणाले.

एवढाच तो शब्द. पण काकांनी दिलेला शब्द म्हणजे पाण्यावर सोडलेली वाटी. मध्ये कोणी हात घालायचा नाही.

आणि तेव्हाच काकांचा आवाज जायला लागला. आधी जड झाला. काकूंनी ज्येष्ठमध दिलं, हळद-दूध दिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. मग तो फाटला. संगमनेरच्या डॉक्टरांनी आरसा घालून घशात पाहिलं आणि सांगितलं की बोलणं अजिबात बंद करा, आणि तरीही आवाज राहील असं मी म्हणत नाही. बोलायचं नाही या विषयावर काका त्यांच्याशी बराच वेळ बोलले.

लढाईचे दिवस होते. घासलेट, साखर सगळं रेशनवर मिळायचं. काका आवाजही तसाच वापरू लागले. काकूंच्या वाट्याला काही उरेना, भाजीत मीठ कमी असलं तरी ते मुकाट जेवत. गावातल्या माणसांना मान हलवून उत्तरं मिळत. जो काही आवाज शिल्लक होता तो सगळा सकाळी माझ्यावर खर्च व्हायचा. काका त्या फाटत चाललेल्या गळ्यानं सावधानाचा 'धा' वर न्यायचे आणि मी तो दोनदा खाली पाडायचो. माझ्या 'धा'ला शेजारची म्हैस उठून उभी राहायची. वैशाख जवळ येत होता.

एका सकाळी काकांनी मला बसूच दिलं नाही. ओढ्यावर जाऊन ये, असं खुणेनं सांगितलं. मी म्हटलं, संथा? त्यांनी पिंजऱ्याकडे बोट केलं. मग मला जवळ बोलावून कुजबुजत म्हणाले, "तू शिकशील तेव्हा शिकशील. तोवर याच्यापाशी राहू दे."

असा मी पोपटाच्या शिक्षणात व्यत्यय येऊ नये म्हणून घराबाहेर काढला गेलो. माझी चूक त्याच्या कानावर पडायला नको होती. मी ओढ्यावर जात नसे. गोठ्याच्या भिंतीआड बसून ऐकायचो. काकांनी काकूंनाही ताकीद दिली होती, त्यामुळे संथा चालू असेतो काकू मुसळ हवेत धरून उभ्या राहत. घर अगदी गप्प व्हायचं. बराच वेळ काही नाही. मग त्या गप्पपणातून काकांचं सावधान निघायचं, फक्त शेवटचं, त्या चालीचं. मग पुन्हा सगळं गप्प. राघूनं उत्तर दिलेलं मी कधी ऐकलं नाही. पण काका रोज एकदा म्हणत आणि त्याच्या दोनदाची वाट बघत बसत. मला त्यांनी एवढा वेळ कधी दिला नव्हता. भिंतीआड बसून मला थोडं वाईट वाटायचं, आणि आपल्याला पोपटाचा हेवा वाटतो आहे हे ध्यानात आल्यावर आणखी वाटायचं. त्याच दिवसांत मी त्याला मनातल्या मनात राघोबा म्हणायला लागलो. गुरुबंधूला अरेतुरे बरं दिसत नाही.

गुढीपाडव्याला देवळात गाव जमलं. पाडव्याचं पंचांग काकांनी वाचायचं असा रिवाज. काकांनी पंचांग उघडलं, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही. कुजबूजसुद्धा नाही. त्यांनी तोंड मिटलं, पंचांग माझ्या हातात दिलं आणि खाली बसले. मी गडबडीत ते खाली ठेवलं आणि शेजारी पडलेलं मागच्या वर्षीचंच उचलून वाचलं. पाऊस चांगला सांगितल्यामुळे कोणी तक्रार केली नाही.

त्यानंतर आमच्या घरात एकच आवाज राहिला, तो काकूंचा. त्या आता दोघांचं बोलत. काका काय म्हणाले असते ते स्वतःच म्हणत, त्यावर स्वतःच चिडत, आणि स्वतःच गप्प न बसता पुढे जात. मी रोज पिंजऱ्यासमोर जाऊन बसायचो. सावधान राघोबांपाशी होतं, आता ते माझ्याकडे यायला हवं होतं. रीतीप्रमाणे त्यांनी एकदा म्हणायचं, मी दोनदा. मी हात जोडून पाहिले, पेरू दिला, हिरवी मिरची दिली. राघोबांनी सगळं स्वीकारलं. "पुन्हा म्हण, गाढवा" म्हणायचे, काकूंनी टाकून दिलेलं "आलात का, बसा" हेही एव्हाना म्हणू लागले होते. ते सावधान मात्र नाही. काका ओसरीवर बसून हे बघत. मला वाटतं, त्यांना कळून चुकलं होतं की आपण शेवटचा सगळा आवाज एका पाखराच्या कानात ओतला आणि तो तिथून उडून गेला. ते मान फिरवून अंगणाकडे बघत बसायचे.

लग्नाच्या आधी पुंजाराम, भागूबाईचा मुलगा, म्हातारीला घेऊन आला. काकांच्या घशाची बातमी डोंगरावर पोचली होती. पुंजाराम भला माणूस, त्याला बोलायला अवघड जात होतं. पागोट्याशी चाळा करत तो म्हणाला, "बाबांना तरास नको. हितं खाली आकोल्याचा भटजी बघतो म्हनलं."

"आकोल्याचा भटजी लगीन लावंल रं," भागूबाई म्हणाली. "सावधान कोन म्हनंल?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. ते बोट बऱ्याच वेळानं वर आलं.

भागूबाईनं मला पायापासून शेंडीपर्यंत पाहिलं. "ह्यो म्हनंल व्हय?"

मी म्हटलं, शिकतोय.

"कुनापाशी?"

याचं खरं उत्तर तिच्या डोक्यावर टांगलेलं होतं आणि पेरू खात होतं.

लग्नाला आम्ही बैलगाडीनं निघालो. काका, काकू, मी, घंगाळ, वाटी आणि पिंजरा. पिंजरा एवढ्यासाठी की घरात मागे कोणी नव्हतं आणि शेजारच्या मांजरानं राघोबांचा पत्ता काढला होता. बाकी काही हेतू नव्हता. वाटेत चढाला गाडी हळू झाली की मी खाली उतरून चालायचो आणि दरीकडे तोंड करून 'धा' लावायचो. दरी दोनदा परत म्हणायची. माझ्या आयुष्यातला तो एकच शिष्य, पण त्यालाही चूकच शिकवली.

वाडीत मांडव पडला होता. काकूंनी पिंजरा मांडवाच्या एका मेढीला, उंचावर, टांगला. पुष्पावती हळद लागलेली, मान खाली घालून बसलेली. नवरा मुलगा खालच्या गावचा. त्याचा मामा सूर्यभान पलटणीतून रजेवर आला होता. त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. तो ते सगळ्यांना दाखवत नव्हता, फक्त हात थोडा वर धरून हिंडत होता.

सूर्य डोंगराच्या कडेवर अर्धा बुडाला आणि काकांनी घंगाळातल्या पाण्यावर वाटी सोडली. मग ते तिच्याशेजारी मांडी घालून बसले. ठरलं होतं असं की वाटी बुडाली की काका हात वर करतील, आणि मग मी शेवटचं म्हणायचं. अंतरपाटाचं एक टोक पुष्पावतीच्या चुलत्यानं धरलं, दुसरं सूर्यभाननं. भागूबाई घंगाळापाशी काकांच्या समोर येऊन बसली. डोळ्यांनी तिला कमी दिसत होतं, पण ती बघायला आलेलीच नव्हती.

मी मंगलाष्टकं सुरू केली. पहिली दोनतीन ठीक गेली. लोक अक्षता टाकत होते, पोरं त्या मला मारत होती. मग नद्यांचा श्लोक आला. गंगेपासून निघालो. यमुनेपाशी आलो.

आणि गोदावरी आली नाही.

मी गप्प झालो. मांडवाला वाटलं, ही रीतच असेल. हळूहळू तोही गप्प झाला. वाजंत्र्यांनी पिपाणी ओठांना लावून ठेवली. मुठीतल्या अक्षता मुठीत राहिल्या. बायकांची कुजबूज थांबली, आणि काकू, ज्या पाडव्यापासून बोलायच्या थांबल्या नव्हत्या, त्यांनी तोंडावर पदर धरला. महिन्याभरात आमच्या कुटुंबाच्या आसपास एवढी शांतता झाली नव्हती.

तेव्हा वरून खोकला आला.

"पुन्हा म्हण, गाढवा," काकांचा आवाज म्हणाला. मुहूर्ताच्या वेळी उपाध्याय जे म्हणेल तो मंत्र, अशी त्या लोकांची श्रद्धा, त्यामुळे त्यावरही थोड्या अक्षता पडल्या. आणि मग त्या गप्पपणातून 'सा' उचलला गेला. खालून, भरल्या घागरीसारखा. 'व'वर टेकला. 'धा' वर गेला आणि तिथंच थांबला, आणि मी पाहिलं, मांडवातल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या माना त्याच्याबरोबर वर झाल्या. मग 'न' खाली आला.

चुलत्यानं अंतरपाट सोडला. वाजंत्री सुरू झाली. अक्षतांचा पाऊस पडला. कोणी कोणाला खूण केली नव्हती.

मी काकांकडे बघत होतो. त्यांचं तोंड उघडं होतं, जणू ते स्वतःच म्हणत होते. माणसाला स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकू येत नाही, आणि काकांनी आजवर ऐकला होता तो फक्त गाढव म्हणणारा. जन्मभर ज्या आवाजानं त्यांनी डोंगरातली लग्नं लावली, तो त्यांनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ऐकला, आणि तोही गेल्यानंतर. की त्यांना त्यात त्यांच्या वडिलांचा आवाज ऐकू आला, मला सांगता यायचं नाही. त्यांचे डोळे भरले होते एवढं खरं.

पण अंतरपाट पुरता पडला नव्हता. सूर्यभान खालच्या गावचा, त्याला आमची चाल काय ठाऊक. त्याच्या हातातलं टोक तसंच वर होतं आणि बाकीचं कापड त्याच्या हाताला वाळत घातल्यासारखं लोंबत होतं. त्यानं दुसऱ्या हाताचं घड्याळ पाहिलं. मग घंगाळाकडे पाहिलं.

"आजून टाइम झाला न्हाई," तो म्हणाला. "वाटी वर हाय."

पिपाणी थांबली. सगळे घंगाळाकडे वळले. वाटी खरंच वर होती. निम्मीच भरलेली, निवांत तरंगत होती. आता ही काही चेष्टेची गोष्ट राहिली नाही हे मला कळलं. मुहूर्त चुकलेलं लग्न म्हणजे पुढे त्या घरात दूध उतू गेलं तरी बोट पुष्पावतीकडे जाणार. ती हातात माळ धरून उभी होती, घालावी की नाही हे तिला कळत नव्हतं. पुंजाराम काकांकडे बघत होता. खालच्या गावची माणसं आपसांत बोलायला लागली होती. आणि भागूबाई कोणाकडेच बघत नव्हती, ती नुसती कान देऊन बसली होती.

काकांनी वाटीकडे पाहिलं. मांडव जळत असताना ज्या वाटीला त्यांनी कोणाला शिवू दिलं नव्हतं, ती. मग त्यांनी उजवा हात पुढे केला, पहिलं बोट वाटीच्या काठावर ठेवलं, आणि दाबलं. सगळ्यांसमोर, घाई न करता, लपवाछपवी न करता. वाटी एका अंगावर कलली, पाण्यानं तिला आत घेतलं. एक बुडबुडा वर आला आणि फुटला.



"बुडाली," भागूबाई म्हणाली.

सूर्यभाननं पुन्हा घड्याळ पाहिलं. मला तेव्हा त्याच्याशी थोडं बोलावंसं वाटत होतं. सरकारनं लढाईच्या सोयीसाठी सगळ्या मुलखाची घड्याळं एक तास पुढे ढकलली होती, आणि सूर्यानं त्यावर काही हरकत घेतल्याचं ऐकिवात नव्हतं. तिथं एका म्हाताऱ्यानं एका वाटीला एक बोट लावलं तर काय एवढं. पण बोलावं लागलं नाही. त्याला घड्याळात काय दिसलं कोण जाणे, त्यानं हात खाली केला आणि हातातलं टोक सोडून दिलं. पुष्पावतीनं माळ घातली.

जेवणं झाल्यावर भागूबाई काठी टेकत काकांपाशी आली, वाकली आणि म्हणाली, "शबूद पाळला, बाबा." मग मेढीपाशी गेली, ओंजळ वर करून पिंजऱ्यात चार अक्षता टाकल्या आणि त्यालाही हात जोडले. माझ्याकडे बघून ती पुढे गेली. ते मला योग्यच वाटलं.

परतीच्या वाटेवर काकू सगळ्या लग्नाचं वर्णन आम्हाला पुन्हा सांगत होत्या. मी विचार करत होतो. ते लग्न नेमकं लावलं कोणी? राघोबांना सावधान म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पण मलाही त्या श्लोकांतल्या निम्म्या शब्दांचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि काकांना विचारायचा मला कधी धीर झाला नव्हता. न समजता तो आवाज पणजोबांकडून आजोबांकडे आला, आजोबांकडून काकांकडे, आणि आता एका हिरव्या पाखराकडे. मधल्या मधे मी तेवढा सुटलो होतो. ते पाखरू एवढे दिवस का बोललं नाही, हेही आता मला कळलं. संथेच्या वेळी सावधान नेहमी शांततेतून यायचं, आणि आमच्या घरात पाडव्यापासून शांतता नव्हती. मी गोदावरी विसरलो नसतो तर ते अजूनही त्याच्या पोटात राहिलं असतं. ही गोष्ट मी काकांना सांगितली. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. उतार होता, कदाचित आधारासाठी असेल.

मुहूर्ताविषयी मात्र मी काही विचारलं नाही. घरी आल्यावर काकूंनी वाटी घासायला घेतली तेव्हा काकांनी ती त्यांच्या हातून घेतली, उजेडाकडे धरली, आणि एक डोळा मिटून त्या भोकातून पलीकडे पाहिलं. पहिल्यांदाच पाहत असावेत. मग मान हलवून परत दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी ओसरीवर सतरंजी घातली. पिंजरा खाली उतरवून स्वतःच्या नेहमीच्या जागी, भिंतीशी, ठेवला. मला समोर बसायची खूण केली आणि आपण माझ्या शेजारी, शिष्याच्या बाजूला, येऊन बसले. काकूंना त्यांनी हातानंच विनंती केली. काकूंनी मुसळ वर धरलं आणि श्वास रोखला.

घर गप्प झालं. राघोपंतांनी एक डोळा आमच्याकडे केला, पिसं फुलवली आणि एकदा म्हटलं.

मी म्हटलं. काकांनी डोळे मिटून ऐकलं आणि एक बोट थोडं वर उचललं. 'धा' खाली पडला होता.

"पुन्हा म्हण, गाढवा," राघोपंत म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं. म्हैस उठली नाही.